फ्लॅशला कसं कळतं?

परवा भाच्याने फोनवर एक प्रश्न टाकला. "मामा, बटण मी कॅमेऱ्याचं दाबतो, मग वर बसवलेल्या फ्लॅशला कसं कळतं की आता पेटायचं?" त्याला कुणाकडून तरी जुना फ्लॅश मिळालाय आणि तो त्याच्या कॅमेऱ्यावर चालत नाही. ब्लूटूथ नसेल त्यात, असा त्याचा तर्क. मी म्हटलं, अरे, खाली एक टिकली असते, तिच्यातून कळतं. फोन ठेवला, आणि मग हे "कळणं" डोक्यातून जाईना. कारण या टिकलीचा इतिहास भलताच लांब आहे आणि त्यातला एक तुकडा चक्क पुण्यात घडलाय. आमच्या घरच्या अल्बमातही त्यातला एक आहेच. तर हे लिखाण मुख्यतः भाच्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही :)

सुरुवातीला फ्लॅशला काही कळायची गरजच नव्हती. १८८७ साली जर्मनीत मीटं आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पेट घ्यायला मदत करणारी रसायनं मिसळून "ब्लिट्झलिख्ट" म्हणजे विजेचा उजेड तयार केला. नाव विजेचं, पण काम दारूचं, आपल्या दिवाळीतल्या अनाराच्या जातीचं. पद्धत अशी की खोली अंधारी करायची, भिंगावरचं झाकण काढायचं, पुडी पेटवायची, भक्कन उजेड, आणि मग झाकण परत लावायचं. कॅमेरा आणि उजेड यांच्यात निरोप्या होता तो माणूस, एक हात इथे आणि एक हात तिथे. वेळ चुकायचा प्रश्नच नाही, कारण दार सताड उघडं ठेवलेलं, पाहुणा केव्हाही येवो. फक्त पाहुणा धूर घेऊन यायचा, आणि कधीकधी फोटोग्राफरच्या भुवया घेऊन जायचा.

मग १९२९-३० च्या सुमारास बल्ब आले. काचेच्या फुग्यात ॲल्युमिनियमचा चुरगळलेला पातळ पत्रा आणि प्राणवायू. वीज दिली की आतल्या आत जळून जायचा. धूर नाही, आवाज नाही, पण एक फोटो म्हणजे एक बल्ब. जळलेला बल्ब गरमागरम असतानाच काढायचा, खिशातला दुसरा लावायचा. आता बल्ब विजेवर पेटतो म्हटल्यावर कुणाच्या तरी डोक्यात येणारच की कॅमेऱ्याच्या शटरलाच एक स्विच जोडला तर? १९३५ सालच्या ड्रेस्डेनच्या एक्झॅक्टा कॅमेऱ्यात अशी जोडणी कारखान्यातूनच करून मिळू लागली. १९३८ साली अमेरिकेतल्या युनिव्हेक्स मर्क्युरी कॅमेऱ्याने वायरही काढून टाकली. फ्लॅश सरकवून बसवायची जी खाच असते तिच्यातच विजेचा संपर्क ठेवला. तीच "हॉट शू". त्याआधी ही खाच लायकासारख्या कॅमेऱ्यांवर होती, पण फक्त अंतरमापक अडकवायला. खुंटीच म्हणा ना. त्या खुंटीत वीज आली आणि बूट गरम झाला!

पण बल्बात एक गोम होती. वीज दिल्याबरोबर तो पूर्ण तेजाने पेटत नाही. नेहमीच्या "एम" जातीच्या बल्बला पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. आपल्याला हा काही वेळच वाटत नाही, पण शटर तेवढ्यात उघडून बंदसुद्धा होतं. म्हणजे बल्बला आधी निरोप द्यायचा, तो अंमळ पेट घेईपर्यंत थांबायचं आणि मग शटर उघडायचं. लग्नात मुहूर्ताच्या जरा आधी वाजंत्र्यांना खूण करून ठेवतात, तसंच. खूण मागेपुढे झाली की मंगलाष्टकं संपायच्या आत ताशा सुरू.

त्या काळच्या मोठ्या प्रेस कॅमेऱ्यांत तर गंमत म्हणजे हुकूम उलट्या बाजूने जायचा. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) हे नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या, आणि फाळणी, स्वातंत्र्य, नेहरू, सगळं त्यांनी टिपलं. त्यांचा स्पीड ग्राफिक कॅमेरा म्हणजे एक पेटाराच. असल्या कॅमेऱ्याच्या बाजूला फ्लॅशची नळकांडी मूठ अडकवलेली असायची, आत टॉर्चचे जाडे सेल. बटण त्या मुठीवर. ते दाबलं की सेलमधला प्रवाह एकाच वेळी बल्बलाही पेटवायचा आणि भिंगाजवळच्या विद्युतचुंबकाच्या खटक्यालाही ओढायचा, आणि तो खटका शटर उघडायचा. म्हणजे फ्लॅश मालक आणि कॅमेरा चाकर. खटका किती अंतरावर बसवलाय यावर दोघांचा मेळ. तो फोटोग्राफरने स्वतः जुळवायचा आणि मधूनमधून तपासायचा. (ग्राफलेक्स कंपनीची ही मूठ पुढे १९७७ च्या "स्टार वॉर्स" सिनेमात ल्यूकची प्रकाश-तलवार म्हणून वापरली. भाचेबुवा, हे तुमच्यासाठी.)

आता पुण्याची गोष्ट. १९४६ साली "लाइफ" साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याबरोबर फोटो काढायला पुण्यात आली. गांधीजी तेव्हा डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात राहत होते. आधी तिला सांगण्यात आलं की चरखा चालवायला शिक, मगच चरखेवाल्याचा फोटो. ती शिकली. मग कळलं की त्यांचा मौनाचा दिवस आहे, बोलायचं नाही. आणि डोळ्यांवर उजेड मारलेला त्यांना आवडत नाही, तेव्हा फ्लॅशही नाही. खोली अंधारी. बरीच रदबदली झाल्यावर तीन बल्बांची परवानगी मिळाली. मोजून तीन.

पहिला बल्ब तिने उडवला. उजेड आधी, शटरचा खटका मागून, मध्ये फट. तिच्या सरावलेल्या कानाला फोटो धुवायच्या आधीच कळलं की मेळ बिघडलाय. दुसऱ्या वेळी सगळं जुळलं, पण गडबडीत फिल्मसमोरची सरकती पट्टी काढायचीच राहिली. तिसरा बल्ब लागला. पुढे चरखा, मागे खिडकीचा उजेड आणि कागद वाचत बसलेले गांधीजी, हा जो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, तो या तीन बल्बांतला आहे. मी हा फोटो शाळेपासून पाहतो आणि मला तो कायम अगदी शांत वाटायचा. ही हकीकत वाचल्यापासून मात्र त्या शांततेच्या अलीकडे एक घामाघूम बाई दिसते.

गांधीजींचा हा नियम पाहुण्यांपुरता नव्हता बरं का. सेवाग्रामला त्यांचा पुतण्या-नातू कनू गांधी फोटो काढायचा, त्यालाही तीन अटी होत्या. फ्लॅश नाही, पोज नाही, आश्रमाचा पैसा नाही. त्यामुळे कनूचे पुष्कळ फोटो अंधुक, थोडे हललेले आहेत. मला ते तिच्या फोटोपेक्षा जास्त जवळचे वाटतात. हा माझा आपला कल.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशकडे वळू. १९३१ साली अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने वायूच्या नळीतून वीज सोडून लखलखाट करायची युक्ती कामाला लावली. दुधाच्या थेंबाचा मुकुट झालेला फोटो त्याचाच. या फ्लॅशची रीत आजही तीच आहे. सेलमधल्या पाच-सहा व्होल्टचे तीनएकशे व्होल्ट करून कपॅसिटरमध्ये साठवायचे (तो "कुंईंईं" आवाज चढत जातो तो याचाच), मग लाल दिवा लागतो, म्हणजे तयार. कॅमेऱ्याने संपर्क जोडला की एक छोटं रोहित्र काही हजार व्होल्टचा झटका नळीला देतं, आतला वायू वाहता होतो आणि साठा एका दमात रिकामा. या सगळ्याला वेळ लागतच नाही म्हणा, छोटे फ्लॅश हजारांश सेकंदात किंवा त्याहून लवकर आटपतात. म्हणजे बल्बाची अडचण एकदम उलटी झाली. आता आगाऊ खूण नकोच, शटर पुरतं उघडल्यावरच निरोप द्यायचा.

म्हणून मधल्या काळातल्या कॅमेऱ्यांवर "एम" आणि "एक्स" असा छोटा खटका असे. एम म्हणजे बल्ब, आधी पेटव. एक्स म्हणजे इलेक्ट्रॉनिक, उघडल्यावर पेटव. आपल्याकडे गावोगावच्या स्टुडिओंत जे दोन डोळ्यांचे याशिका कॅमेरे होते त्यांच्यावर हा खटका होता. खांद्यावरून काढता-घालता तो एमवर सरकला की फ्लॅश डोळ्यांदेखत उडायचा, मंडळी खूश, आणि फिल्मवर काही नाही, कारण शटर उघडायच्या आत उजेड येऊन गेलेला. फ्लॅशची वायर ज्या भोकात खुपसत त्याला पीसी म्हणतात. कॉम्प्युटरशी संबंध नाही. प्रोंटर आणि कॉम्पुर ही शटरच्या दोन जर्मन नमुन्यांची नावं, त्यांची आद्याक्षरं. शटरं गेली, त्यांचं भोक तेवढं उरलं. ही वायर इतकी हलकट की धक्का लागला की सुटायची. जाणते फोटोग्राफर तिला रबर लावून ठेवत.

याशिकाचं शटर भिंगातच, पाकळ्यांचं. ते कुठल्याही वेगाला एकदा तरी पूर्ण उघडतंच. पण पस्तीस एमएमचे भिंग-बदलू कॅमेरे आले आणि पडद्याचं शटर आलं. फिल्मसमोर दोन पडदे. पहिला सरकतो आणि फिल्म उघडी पडते, मग दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. पडद्याला या टोकापासून त्या टोकाला जायला ठरावीक वेळ लागतो. वेग वाढवायचा तर पडदा जोरात पळत नाही, दुसरा पडदा लवकर निघतो. म्हणजे पूर्ण खिडकी कधी उघडतच नाही, एक फट सरकत जाते. आणि फ्लॅश तर क्षणार्धाचा. त्या क्षणी जेवढी फट उघडी, तेवढ्यावरच उजेड. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला एक कमाल वेग असतो, जुन्या साध्या कॅमेऱ्यांना एक साठांश सेकंद, पुढे एकशेपंचविसांश, आणि १९८३ च्या निकॉन एफई-टू मध्ये अडीचशेअंश. त्याच्या पुढे गेलात की फोटो अर्धा काळा.

हा अर्धा काळा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे, आणि घरातल्या सगळ्यांना तो कुठला ते न सांगता कळलं असेल. मोठ्या आत्याचं लग्न, १९८४. अंतरपाट खाली आला तो क्षण. फोटोग्राफर दिवसाउजेडी बाहेर वरातीचे फोटो काढून मांडवात आला होता आणि वेगाची चकती तशीच राहिली, असं आता फोटो पाहून कळतं. उजवीकडे आत्या, पिवळी अष्टपुत्री, हातात हार, लख्ख. डावीकडे सरळ उभी रेघ मारल्यासारखा अंधार. त्या अंधारात आजी उभी होती. तिच्या पदराचा काठ आणि हातातलं तांब्याचं ताम्हन रेघेच्या अलीकडे आलंय. आजी त्या पावसाळ्यात गेली, आणि त्या लग्नात तिचा दुसरा फोटो निघालेला नाही. मला वाटायचं, निगेटिव्हमध्ये थोडं काही असेल. काही वर्षांपूर्वी स्कॅन करून उजळून पाहिलं. दाणे दिसतात, बाकी काही नाही. मांडवातल्या बल्बांचा उजेड तेवढ्या वेळात फिल्मवर उमटण्याइतका नव्हताच. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताम्हन दिसता ना, मग ती आसाच."

चुटपुट लावणारी गोष्ट ही, की या अपघाताचं औषध तोवर निघालेलं होतं. १९७६ च्या कॅनन एई-वन कॅमेऱ्यावर त्यांचाच फ्लॅश लावला तर हॉट शूमध्ये मधल्या टिकलीखेरीज आणखी संपर्क असायचे. फ्लॅश भरला की तो त्यातून कॅमेऱ्याला सांगायचा, मी तयार आहे. त्याबरोबर कॅमेरा आपण होऊन साठांश सेकंदावर जायचा, चकती कुठेही असो. फ्लॅश उलटून बोलला तो हा असा! तोवर निरोप एकाच दिशेने जायचे, आणि तोही एकच शब्द, "पेट".

पुढचा शब्द होता "बस". किती उजेड पुरे हे पूर्वी अंतरावरून गणित करून भिंगाचं तोंड लहानमोठं करून ठरवायचे. फ्लॅशच्या पाठीवर तक्ता छापलेला असे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर फ्लॅशलाच डोळा बसवला गेला. समोरून परत आलेला उजेड मोजून तो स्वतःच थांबायचा. आधीचे असे फ्लॅश उरलेली वीज आतल्या आत उधळून टाकत, मग थायरिस्टर आले आणि वाचलेली वीज कपॅसिटरमध्येच राहू लागली. सेल जास्त पुरले, लाल दिवा लवकर लागू लागला. लग्नाचा धंदा करणाऱ्यांसाठी मला वाटतं यापेक्षा मोठी सुधारणा झालीच नाही. १९७५ साली ऑलिंपसच्या ओएम-टू ने डोळा फ्लॅशवरून काढून कॅमेऱ्याच्या पोटात नेला. शटर उघडं असताना फिल्मवरून परतलेला उजेड मोजायचा आणि पुरेसा झाला की टिकलीतून फ्लॅशला "बस" म्हणायचं. लखलखाट चालू असताना, हजारांश सेकंदाच्या आत, हा संवाद. मला अजूनही हे जादूसारखं वाटतं.

पण डोळा असला तरी अक्कल नाही. आमच्याकडे दशावताराचे फोटो काढणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. धयकाल्याच्या रात्री संकासूर येतो, आपादमस्तक काळा, मुखवटाही काळा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. मागे देवळाच्या आवारातला काळोख. फ्लॅशचा डोळा बघतो की उजेड काही परत येत नाही, म्हणून ओततच राहतो. फोटोत संकासूर राखाडी होतो, आणि शेजारचा भटजी पांढराफटक, नाक-डोळे पुसल्यासारखा. उलट पांढऱ्या शर्टातले पाच काका ओळीने उभे केले की डोळ्याला वाटतं फार झालं, आणि सगळे काळवंडतात. जुने लोक अशा वेळी ऑटो बंद करून तक्त्यावर जात. अजूनही जातात.

डिजिटल आल्यावर फिल्म गेली, आणि फिल्मबरोबर तिच्यावरून परतणारा उजेडही. सेन्सरच्या काचेवरून तो तसा सरळ मोजता येत नाही. म्हणून मग खऱ्या लखलखाटाच्या आधी एक बारका लखलखाट सोडायचा, तो मोजायचा, हिशोब करायचा आणि मग आरसा वर, शटर उघडून ठरलेल्या मापाचा फ्लॅश. (कॅननने ही पद्धत फिल्म कॅमेऱ्यात १९९५ सालीच आणली होती. निकॉनने १९९९ ला डी-वन बरोबर.) आता टिकल्यांमधून शब्दच नाही, आकडे जाऊ लागले. भिंग किती लांबीचं, तोंड किती उघडं, फिल्मगती किती, तुझी ताकद किती, बत्तीसांश सोड, थांब, आता अमुक सोड. एका टिकलीवर ठेका, बाकीच्यांवर निरोप. भजनात टाळ असतो ना, तसा तो ठेका. त्याच्या मात्रेवर एकेक अक्षर.

या बारक्या लखलखाटाने दोन घोळ केले. काही माणसं पहिल्या उजेडाला पापणी लवतात आणि दुसऱ्या उजेडात मिटलेले डोळे येतात. (आमचे एक काका. नाव नको. "हललंस मरे, परत काढूक व्हयो" हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं.) आणि दुसरा घोळ धंद्यातला. स्टुडिओत छत्र्यांमागे जे दिवे असतात ते एका फ्लॅशचा उजेड पाहून आपण पेटणारे. त्यांना काय ठाऊक, पहिला उजेड खोटा आहे? ते त्या बारक्यालाच उडून जात, आणि खरा फोटो काळोखा. डिजिटलच्या पहिल्या वर्षांत कित्येकांनी नव्या कॅमेऱ्याला दोष दिला. पूर्व-लखलखाटाशिवाय मॅन्युअल उडवणं, हा तोडगा कळायला वेळ लागला.

आणि भाच्याच्या फ्लॅशचं काय? तर प्रत्येक कंपनीने आपली भाषा वेगळी ठेवली. कॅननच्या टिकल्या निकॉनच्या टिकल्यांशी जुळत नाहीत. मिनोल्टाने १९८८ साली बूटच वेगळ्या आकाराचा केला, तो वारशाने सोनीकडे आला आणि सोनीने २०१२ साली सोडला. पण या सगळ्या भांडणात मधली टिकली सगळ्यांची सामाईक होती. आकडे नाही कळले तरी "पेट" एवढं कुणाचाही कॅमेरा कुणाच्याही फ्लॅशला म्हणू शकत होता. लहान गावातला स्टुडिओवाला याच एका शब्दावर जगला. वीस वर्षांपूर्वीचा फ्लॅश, हातचा विकत घेतलेला ट्रिगर, नवा कॅमेरा, सगळं चालायचं. २०१९ साली कॅननच्या २००डी मार्क टू या स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर ती मधली टिकलीच नव्हती. त्याच्याशी फक्त आकड्यांच्या भाषेत बोलणारा फ्लॅश चालतो, साधा ट्रिगर मुका. दोन पैशांचा पितळी तुकडा वाचवून काय मिळवलं कोण जाणे. घेणारा दुकानात टिकल्या मोजत बसत नाही. त्याला घरी येऊन, छत्री लावून, गिऱ्हाईक समोर बसवल्यावर कळतं.

तेव्हा भाचेबुवा, आधी तुझ्या कॅमेऱ्याच्या बुटात मधे टिकली आहे का बघ. असेल तर फ्लॅश लावायची घाई करू नकोस. जुन्या फ्लॅशमध्ये त्या टिकलीवर थेट दोन-अडीचशे व्होल्ट येतात, सुरुवातीच्या मेट्झ ४५ सारखे कित्येक तसेच होते, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यात नुसते पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांना टेकायचे. त्यांना काय फरक पडतो? आताच्या कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आहे, आणि काही डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा जेमतेम सहा व्होल्टची. फ्लॅश भरून, मीटर लावून कुणा जाणत्याकडून मोजून घे. स्वतः उघडू नकोस, आतला कपॅसिटर बंद फ्लॅशमध्येही झटका द्यायला तयार असतो.

आणि मोजमाप ठीक निघालं तरी चालला नाही, तर टिकल्या पूस. आपल्याकडची हवा, पितळावर महिन्याभरात हिरवट पापुद्रा धरतो. आंबोलीला पावसात बेडकांचे फोटो काढायला जी मुलं येतात (२००९ साली शास्त्राला नव्याने कळलेला तो आंबोलीचा चिमुकला भेक बघायला), त्यांच्या पिशवीत प्लास्टिकच्या डब्याचं घरगुती डिफ्यूझर असतं, सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि शाळेतला साधा खोडरबर असतो. रात्री दीड वाजता धुक्यात, हेडलाइट लावून, फ्लॅश काढायचा, खोडरबर बुटाच्या आतून चार वेळा फिरवायचा, फुंकर न मारता (फुंकरीत ओल असते) झटकायचा, परत सरकवायचा. लाल दिवा लागतो. बेडूक तोवर बसलेला असला तर असतो.